नागेशभट्ट आणि संगणक : एका गाजलेल्या निबंधाचे परीक्षण

ज्यांचा उल्लेख करणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे, अशा लेखनात रिक ब्रिग्ज यांच्या एका निबंधाची गणना करावी लागेल. १९८५ च्या वसंत ऋतूतील 'एआय मॅगझिन' या अमेरिकन नियतकालिकाच्या अंकात तो प्रसिद्ध झाला. संस्कृत भाषा आणि यंत्राला ज्ञान कसे मांडून द्यावे हा प्रश्न, हे त्याचे विषय. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात असलेल्या एका संगणकशास्त्र-संस्थेत लेखक त्या वेळी काम करीत होते. निबंधाच्या मथळ्याखाली छापलेल्या या पत्त्यानेच पुढचा सारा घोटाळा घडविला. एका संशोधकाने एका नियतकालिकात मांडलेले मत आपल्याकडे पोचेपर्यंत 'नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वश्रेष्ठ भाषा ठरविली' असे झाले. मग त्याला आणखी फांद्या फुटल्या. कोणी एका अमेरिकन नियतकालिकाचे नाव व महिनाही सांगतात. तो अंक मात्र कोणी पुढे ठेवीत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला निराळे काढू इच्छीत नाही. काही वर्षांपूर्वी संस्कृत-दिनाच्या प्रार्थनेनंतर मीही आमच्या मुलांना हेच वाक्य मोठ्या अभिमानाने ऐकविले होते. गेल्या उन्हाळ्यात एक पालक भेटावयास आले. मुलाला संगणकाच्या क्षेत्रात जायचे आहे, तेव्हा नववीला तिसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यावी म्हणजे पुढे उपयोग होईल, असे शाळेतच सांगितले आहे ना, हा त्यांचा प्रश्न होता. सांगणारा मीच होतो. त्यांना दोन दिवसांनी या म्हणालो, आणि एका माजी विद्यार्थ्याकडून तो मूळ निबंध मिळवून प्रथमच वाचला. संगणकशास्त्राचा भाग त्यानेच मला फोड करून सांगितला. व्याकरणाच्या भागासाठी बी. ए. ला वाचलेले संस्कृत थोडेफार कामी आले. पुढील परीक्षण हे त्या वाचनाचे फळ आहे.

प्रथम निबंधाचे श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. त्या काळी संगणकशास्त्रज्ञ वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्याचे एक जाळे विणीत असत. क्रिया मध्यभागी ठेवावयाची, आणि देणारा कोण, दिले काय, कोणाला, केव्हा, अशा नात्यांचे धागे तिच्यापासून काढून एकेका पदाला बांधावयाचे. जॉनने मेरीला चेंडू दिला, या साध्या वाक्याचे असे जाळे ब्रिग्ज प्रथम काढून दाखवितात. नंतर ते वाचकाला एकदम काशीच्या वैयाकरणांकडे नेतात. मैत्र हा स्नेहापोटी देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवितो, अशा आशयाच्या वाक्याचे जे विवरण शास्त्रग्रंथांत येते, ते त्यांनी पुढे मांडले आहे. शिजणे हे फळ, त्या फळाला अनुकूल असा व्यापार, त्या व्यापाराचा आश्रय तो कर्ता, फळाचा आश्रय ते कर्म. साधन, स्थान, हेतू, ज्याच्यासाठी तो, ही सर्व नाती तेथे शब्दांनी उघड केलेली असतात. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवल्या की त्यांचे साम्य डोळ्यांत भरते. तिकडे रेघांनी आणि इकडे शब्दांनी, पण काम एकच चालले आहे.

ज्या ग्रंथकाराच्या 'वैयाकरणसिद्धान्तलघुमंजूषे'चा त्यांनी आधार घेतला, तो नागेशभट्ट आपल्यापैकीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात काशीत नांदलेला हा काळे घराण्यातील महाराष्ट्रीय ब्राह्मण. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित हे त्याचे गुरू. महाभाष्याच्या परंपरेवर 'उद्द्योत' लिहिणारा, काव्यशास्त्रावर टीका करणारा, धर्मशास्त्रातही लेखणी चालविणारा असा हा पंडित. महाराष्ट्राबाहेर राहून एवढे काम केलेल्या या माणसाचे नाव, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी शिक्षकांनी एका अमेरिकन संगणक-नियतकालिकातून कळून घ्यावे, यात कोणाचे उणे आहे ते उघड आहे. ब्रिग्ज यांनी नागेश वाचला. आम्ही ब्रिग्जही वाचले नाहीत.

तरीही निबंधाचा मुख्य सिद्धान्त मला पटत नाही. नैसर्गिक भाषा संदिग्ध, कृत्रिम भाषा निःसंदिग्ध, हा भेद खोटा आहे. निदान संस्कृत ही एक भाषा अशी आहे की जी नैसर्गिक असून कृत्रिम भाषेचे काम करू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथे दोन वेगळ्या वस्तू एका नावाखाली आल्या आहेत. लोक जिच्यात बोलले, कवींनी जिच्यात काव्ये रचली, ती संस्कृत ही एक वस्तू. त्या भाषेतील वाक्याचा अर्थ पिंजून सांगण्यासाठी शास्त्रकारांनी घडविलेली विवरणाची परिभाषा ही दुसरी. ती परिभाषा संस्कृत शब्दांची आहे हे खरे. पण वकिलाचा दस्तऐवज मराठी शब्दांत असतो म्हणून तुकोबांची भाषा आणि खरेदीखताची भाषा एक होत नाही. शास्त्रकारांना विवरण करावे लागले, याचाच अर्थ मूळ वाक्य पुरेसे निःसंदिग्ध नव्हते. ब्रिग्ज शास्त्रीय संस्कृत असा शब्द वापरतात, म्हणजे भेद त्यांना ठाऊक आहे. मात्र निष्कर्ष काढताना तो त्यांच्या हातून निसटला आहे.

संस्कृतात संदिग्धता नाही, असे तर संस्कृत शिकविणाऱ्या कोणीही म्हणू नये. 'रामाभ्याम्' हे रूप तृतीयेचे, चतुर्थीचे की पंचमीचे, हे सातवीतला मुलगाही रूपावरून सांगू शकत नाही. संधी आणि समास यांनी तर शब्द कोठे संपला हेच झाकले जाते. कविराजाचे 'राघवपांडवीय' घ्या. तेच श्लोक एका रीतीने वाचले तर रामकथा, दुसऱ्या रीतीने वाचले तर पांडवकथा. एका काव्यात दोन महाकाव्ये मावतात ती भाषा निःसंदिग्ध म्हणणे ही तिची स्तुती नसून तिच्या कवींवर अन्याय आहे.

संदिग्धता केवळ काव्यात मौजेसाठी असते असेही नाही. 'पिंड' या एका शब्दाने हिंदुस्थानातील वारसाहक्काचे दोन भाग केले. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. त्याने सपिंड म्हणजे ज्यांच्या शरीरांत एकाच देहाचे अंश आले आहेत ते, असा अर्थ केला. बंगालच्या जीमूतवाहनाने 'दायभागा'त पिंड म्हणजे श्राद्धातील पिंड असे धरले. त्यामुळे एकीकडे रक्ताची जवळीक आणि दुसरीकडे पिंडदानाने मृताला होणारा लाभ हे वारसांचा क्रम लावण्याचे मुख्य माप ठरले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत न्यायालये या दोन अर्थांवर माणसांची घरेदारे वाटीत होती. दोन्ही पंडित थोर, भाषा तीच. एखादे यंत्र त्या वेळी असते तर त्याने कोणता धागा कोठे बांधला असता?

आणखी एक अडचण ब्रिग्ज यांच्या मांडणीत मला जाणवली. वाक्यार्थाच्या बाबतीत शास्त्रांचेच एकमत नाही. वैयाकरण धातूच्या अर्थाला, म्हणजे क्रियेला, वाक्यात मुख्य मानतात. नैयायिक प्रथमान्त पदाला मुख्य मानतात, आणि बाकीचे सारे त्याचे विशेषण. मीमांसक आख्यातातून निघणाऱ्या भावनेला मुख्य मानतात. म्हणजे भात शिजविणाऱ्या मैत्राची निदान तीन जाळी निघतील, आणि तिन्हींचा मध्य वेगळा असेल. ब्रिग्ज यांनी वैयाकरणांचे जाळे निवडले. ते संगणकशास्त्रातील त्या काळच्या जाळ्याशी जुळले. जुळणारे तेवढे उचलले, असा आरोप मी करीत नाही. पण तीन पंथ दोन हजार वर्षे वाद घालीत राहिले ही गोष्ट निबंधात मध्यावर असावयास हवी होती, कारण संगणकाला जर काही शिकण्यासारखे असेल तर ते त्या वादात आहे.

हे मी का म्हणतो ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे विषय खरोखर समृद्ध आहे.

पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत भाषा बसविली. ती बसविताना त्याने विभक्तींना सामान्य अर्थाखेरीज एक सांकेतिक काम दिले. ज्याच्या जागी बदल व्हावयाचा ते षष्ठीत, जे येणार ते प्रथमेत, ज्याच्या पूर्वी बदल घडतो ते सप्तमीत, ज्याच्या नंतर घडतो ते पंचमीत. इ-च्या जागी य येतो, पुढे विजातीय स्वर असता, हे सांगावयास त्याला तीन पदे पुरतात. आमची मुले ज्या विभक्ती घोकून कंटाळतात, त्याच विभक्ती येथे बीजगणितातील चिन्हांसारख्या उभ्या आहेत. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका संगणक-नियतकालिकाला पत्र लिहून, जॉन बॅकस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमलेखन-पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचविले. सूचना उदार होती. काटेकोरपणे पाहता मात्र ती तितकीशी नेमकी नव्हती. कारण बॅकस यांच्या नियमांत मागच्यापुढच्या वर्णांची अट घालण्याची सोय नाही, आणि पाणिनीचे बळ नेमके त्या अटींत आहे. स्तुती करतानाही पाणिनीला आहे त्यापेक्षा लहान करता येते, त्याचा हा नमुना.

आता दोन सूत्रे एकाच ठिकाणी एकाच वेळी लागू झाली तर काय? पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसरे सूत्र सांगते की अशा वेळी 'पर' ते करावे. पर म्हणजे ग्रंथात नंतर आलेले, असे परंपरेने मानले. पण हा अर्थ सर्वत्र जमेना. म्हणून पतंजलीला काही ठिकाणी पर म्हणजे इष्ट असेही म्हणावे लागले. नागेशाच्या 'परिभाषेन्दुशेखरा'चा मोठा भाग याच झगड्यात खर्ची पडला आहे. पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद यांत पुढचे पुढचे बलवान, ही व्यवस्था तेथे बारकाईने लावलेली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक असताना कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ इंग्रजीत आणला, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपूर्ण महाभाष्य मराठीत आणले. ही दोन कामे आपल्या प्रत्येक परिषदेच्या ग्रंथालयात असावीत.

नेमका हाच प्रश्न मीमांसकांपुढे दुसऱ्या वेशात उभा होता. वेदातील दोन वचने परस्परांविरुद्ध गेली तर कोणाचे ऐकावे? श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या अशी प्रमाणांची उतरंड त्यांनी लावली. पुढचे प्रमाण मागच्यापेक्षा दुबळे. सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो, हे तर व्याकरण आणि धर्मशास्त्र या दोघांचेही समान भांडवल आहे, आणि आजच्या कायद्याचेही. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली केलेल्या म. म. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. मीमांसेच्या नियमांनी स्मृतिवचने कशी लावली गेली हे त्यात वारंवार दिसते.

श्येनयागाची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ज्याला शत्रूचा घात करावयाचा असेल त्याने श्येनयाग करावा, असे एक वचन. कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये, असे दुसरे. दोन्ही वेदाचीच. मीमांसकांनी यावर शतकानुशतके विचार केला. २०१५ साली व्हिएन्नातील अगाता चाबात्तोनी, एलिसा फ्रेस्की आणि त्यांचे सहकारी यांनी मीमांसेतील न्यायांवरून कर्तव्याचे एक तर्कशास्त्र रचले, आणि ही दोन वचने एकत्र ठेवली तरी व्याघात होत नाही हे त्यात सिद्ध करून दाखविले. संगणकशास्त्र, कायदा, भाषा यांचा असा खराखुरा संगम झालेला पाहिला की ब्रिग्ज यांच्या निबंधातील उणीव अधिक स्पष्ट होते. व्हिएन्नातील मंडळी संस्कृत भाषेला यंत्राची भाषा म्हणत नाहीत. त्यांनी मीमांसकांचे युक्तिवाद घेतले, त्यांना चिन्हांत उतरविले, आणि ते टिकतात की नाहीत हे पाहिले. चूक असेल तर ती दाखविता येईल अशी ती मांडणी आहे.

२०२२ साली केंब्रिज येथील ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाचा गाजावाजा झाला. वर उल्लेखिलेल्या सूत्रातील पर म्हणजे ग्रंथात नंतरचे नव्हे, तर शब्दातील उजव्या बाजूच्या अंशाला लागणारे कार्य, असे त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्रांनी अडीच हजार वर्षांचे कोडे सुटले असे छापले. व्याकरणाच्या जाणकारांनी लगेच आक्षेपही घेतले. मला स्वतःला हा निकाल देण्याचा अधिकार नाही. परंतु या वादाची जात चांगली आहे, एवढे सांगता येते. रूपे घ्यावी, नियम लावावा, इष्ट रूप येते की नाही ते पाहावे. सांगणाऱ्याच्या पत्त्याला येथे किंमत नाही.

रसायनशास्त्राच्या बाबतीतील एक दंतकथाही याच मापाने मोजावी. मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये, अद्याप न सापडलेल्या मूलद्रव्यांना एक-अल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन अशी संस्कृत संख्यावाचक लावून नावे दिली. पुढे गॅलियम, स्कँडियम व जर्मेनियम सापडली आणि त्यांची भाकिते खरी ठरली. एवढे निर्विवाद. पाणिनीचे संपादक बोटलिंक हेही त्याच सेंट पीटर्सबर्गमधील विद्वद्वर्तुळातले, त्यावरून शिवसूत्रांतील वर्णांच्या मांडणीने मेंडेलीव्ह यांना स्फूर्ती दिली असावी असा तर्क पॉल किपार्स्की यांनी केला आहे. तर्क रम्य आहे, अशक्यही नाही. पण तो तर्क आहे. आमच्या व्यासपीठांवर त्याचे विधान होते. वस्तुतः शिवसूत्रांचे मोठेपण सांगावयास मेंडेलीव्ह यांची साक्ष काढण्याचे कारणच नाही. चौदा सूत्रांत ह हा वर्ण दोनदा का आला, हा प्रश्न कोणाही चौकस विद्यार्थ्याला पडतो. पाणिनीला हवे असलेले प्रत्याहार बनवावयाचे तर एक तरी वर्ण दोनदा घेतल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो ह घेणेच काटकसरीचे, हे वीबके पेटरसन यांनी २००४ साली गणिताने सिद्ध केले. हे शाळेत फळ्यावर दाखविता येते, आणि त्यात अतिशयोक्तीचा कण नाही.

ब्रिग्ज यांच्या निबंधाचे खरे उत्तरकार्य आपल्याकडे झाले, आणि त्यातला बराच भाग आमच्या हैदराबादेत. १९८६ साली बंगळूरला या विषयावर परिषद भरली. १९९५ मध्ये विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अक्षर भारती' या सामूहिक नावाने जो ग्रंथ काढला, त्यात कारकांची पद्धत हिंदीसारख्या आजच्या भाषांना लावून दाखविली. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी संस्कृत वाक्यांच्या यांत्रिक विश्लेषणाचे काम उभारले. त्यात आकांक्षा, योग्यता, संनिधी या जुन्याच कसोट्या वापरल्या आहेत. अग्नीने सिंचन करतो, असे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही अर्थाने का फसते, ते योग्यता सांगते. यंत्राला ही योग्यता शिकविणे फार अवघड जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी यंत्राची मदत घेण्यास प्रारंभ केला आहे, आणि त्यात मराठीही आहे. इंग्रजी न्यायालयीन वाक्प्रचारात 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे दाद मागण्याची अनुमती. यंत्राने तिथे 'रजा मंजूर' असे लिहिले तर ते कोशाशी प्रामाणिक राहील आणि पक्षकार मात्र कचेरीतून घरी जाईल. अशा ठिकाणी तात्पर्य पाहावे लागते, आणि तात्पर्याचा विचार मीमांसकांइतका खोल दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

या सर्व कामाने ब्रिग्ज यांचे अर्धे म्हणणे खरे ठरविले आणि अर्धे खोटे. पाणिनी-नागेशांची पद्धत यंत्राच्या कामी येते, हे खरे. पण ती हिंदीला लागू पडली, म्हणजे तिचा गुण संस्कृत भाषेला चिकटलेला नाही. तो वैयाकरणांच्या विचारशक्तीचा गुण आहे. माझ्या मते हे संस्कृताभिमान्याला अधिक समाधान देणारे आहे. भाषा आपोआप मिळते. व्याकरण मात्र कोणीतरी बुद्धी झिजवून केलेले असते.

मराठीला तर ते लागू पडलेच पाहिजे, आणि येथेच आमची शालेय पुस्तके कमी पडतात. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी व्याकरण लिहिले, १९११ साली मोरो केशव दामल्यांनी त्याला शास्त्राची बैठक दिली. त्यांनी जे प्रश्न उघडे ठेवले ते आम्ही तक्त्यांत पुरून टाकले. 'रामाने बाणाने रावणाला मारले' या वाक्यात दोन्ही ने तृतीयेचे, एवढे मुलाला पाठ असते. एक ने कर्त्याचा आणि दुसरा करणाचा, हे रूपावरून कळत नाही, आणि मग कशावरून कळते, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. नागेशाने विचारला असता. संगणकाला तो विचारावाच लागतो.

त्या पालकांना मी दोन दिवसांनी सांगितले की संस्कृत घेतल्याने मुलाला संगणकाची नोकरी मिळणार नाही, आणि शाळेत मी जे बोललो ते न वाचता बोललो होतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मुलाने मात्र संस्कृतच घेतले आहे; कारण विचारले तर ह दोनदा का येतो ते पुरते समजून घ्यावयाचे आहे म्हणाला. सध्या नववीच्या वर्गात शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही मराठी वाक्यांची कारके लावीत असतो. 'मला भूक लागली' या वाक्यात कर्ता मी की भूक, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. दामल्यांचे पुस्तक मी टेबलावर ठेवले आहे, पण अजून उघडू दिलेले नाही.